खिडकीतली ग्लेनिस

पत्र चांगल्या मनानं लिहिलेलं होतं, हीच त्यातली खरी अडचण होती. कुठलीशी सिनेमा कंपनी ॲडलेडला येऊन चित्रीकरण करणार होती, गोष्ट १९७६ सालातली होती. मागच्या महिन्यात होप व्हॅलीच्या गल्ल्यांतून घरं बघत हिंडणारा एक लांब केसांचा माणूस दारात आला होता. ग्लेनिसनं त्याला चहा आणि आल्याची बिस्किटं दिली होती, आणि तो गुलाबी न्हाणीघर बघून बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे पाणावल्यासारखे दिसत होते. त्यानंच आता कंपनीच्या कागदावर कळवलं होतं, की पाहिलेल्या साठ घरांत ट्रेव्हास्किस पतिपत्नींच्या घराला तोड नाही. 'आपल्या घरात आम्हाला काहीही बदलावं लागणार नाही.' 'काहीही'च्या खाली त्यानं शाईनं रेघ ओढली होती.

लिंडसे ट्रेव्हास्किसनं हे पत्र दिवाणखान्यातल्या आपल्या खुर्चीत बसून मोठ्यांदा वाचलं. त्याला मनापासून आनंद झाला होता. सत्तर वर्षांच्या आयुष्यात त्याच्या मालकीच्या कुठल्याही गोष्टीला तोड नाही, असं कुणी लेखी दिलेलं नव्हतं. वाचून झाल्यावर त्यानं भिंतीतल्या खिडकीकडे पाहिलं. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत, साधारण छातीच्या उंचीवर, हातभर रुंदीची एक खिडकी होती. पलीकडून ताटं सरकवायची, अलीकडून उचलायची. त्या काळच्या सगळ्याच घरांत ती असायची. त्या खिडकीत ग्लेनिसचा चेहरा होता, पारपत्रावरच्या फोटोत असतो तसा, चौकटीच्या बरोबर मध्यावर.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचलं. ह्या वेळी 'काहीही' जरा दाबून म्हटलं.

"रेघ मारलीय?"

"शाईनं," लिंडसे अभिमानानं म्हणाला.

खिडकीला एक सरकतं दार होतं. ते सरकलं आणि बंद झालं. चाळीस वर्षांत ते दार बंद झाल्याचं लिंडसेला एकदाच आठवत होतं. त्याची आई मूंटाहून पंधरा दिवसांसाठी राहायला आली होती आणि सात आठवडे राहिली होती, तेव्हा.

तो पत्र मांडीवर ठेवून बसून राहिला आणि सवयीनं कान देऊन ऐकू लागला. चमच्यांचा खण उघडला आणि गरजेपेक्षा जोरात बंद झाला. किटलीत पाणी पडलं, पण किटलीचं झाकण लागल्याचा आवाज आला नाही. म्हणजे राग होता, पण अजून ठरलेला नव्हता. झाकण आपटलं की ठरला. लिंडसे सदतीस वर्षं सरकारी जमीन खात्यात नकाशे काढत होता. दुसऱ्या लोकांनी डोंगरात हिंडून आकडे आणायचे आणि त्यानं टेबलाशी बसून त्या आकड्यांवरून उंची दाखवणाऱ्या तपकिरी रेषा ओढायच्या. फ्लिंडर्सच्या डोंगररांगांतली एकेक घळ त्याला तोंडपाठ होती, आणि तिथं तो आयुष्यात एकदा, तोही सहलीच्या बसमधून, गेला होता. ग्लेनिसचंही तसंच झालं होतं, हे त्याला कधी जाणवलं नाही. भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजांवरून तो तिच्या चढउतारांच्या रेषा ओढत आला होता, आणि नकाशा बरोबर आहे याची त्याला इतकी खात्री होती, की भिंतीला वळसा घालून पलीकडे जाऊन बघायची गरज त्याला वाटली नव्हती. झाकण आपटलं. ठरलं तर.

"म्हणजे मी चाळीस वर्षं जुन्या सिनेमात राहतेय," दुपारी करंजीसारख्या भरल्या पॅस्टीवर सॉस ओतताना ग्लेनिस म्हणाली, "आणि कुणी मला सांगितलंसुद्धा नाही."

"तसं नाही गं. त्याला आवडलं घर."

"संग्रहालयातली ममीसुद्धा लोकांना आवडते, लिंडसे. रांगा लावून बघतात. तिला कुणी विचारतं का, बाई, तुला कसं वाटतंय?"

लिंडसेनं घराकडे तिच्या डोळ्यांनी पाहण्याचा प्रयत्न केला. नारिंगी फॉर्मायकाची कपाटं. तपकिरी फरशा, त्यांवर पिवळ्या फुलांचा गुच्छ, दर चौथी फरशी उलटी बसलेली. ती त्यानंच बसवली होती. जेवणाच्या जागेकडे जाणारी कमान, स्पॅनिश म्हणून त्यानं स्वतः बांधलेली, जी डावीकडे जरा झुकली होती. हे सगळं जुनं झालं कधी? त्याला वाटायचं, घर नवंच आहे. अगदी नवं नाही, पण तो स्वतः जितका आहे तितकं. आणि ही तुलना मनात येताच त्यानं पॅस्टीचा मोठा घास घेतला, कारण ती पुढे न्यावीशी वाटेना.

ग्लेनिसनं कंपनीला नकार कळवला, आणि तिनं बोलावलेला कॉन माव्हरिडिस पुढच्याच आठवड्यात आला. घरं पाडून पुन्हा उभी करणं हा त्याचा तीस वर्षांचा धंदा होता. गॉगल डोक्यावर, पेन्सिल कानावर. तो भिंतींवर बोटाच्या पेरांनी टकटक करत फिरला, डॉक्टर छातीवर करतात तसं, आणि डॉक्टरांसारखंच प्रत्येक ठिकाणी 'हं' म्हणाला. मधल्या भिंतीपाशी येऊन तो थांबला.

"लिंड्स, मित्रा, ही भिंत काय करते?"

"काय करते म्हणजे?"

"छत तोलते का? नाही. पाण्याचा नळ आहे का आतून? नाही. मग करते काय? नुसती उभी आहे. चाळीस वर्षं नुसती उभी. खायला काळ आणि जागेला भार."

लिंडसेला उगाचच वाटलं, की हे आपल्याबद्दल चाललंय. त्यानं ग्लेनिसकडे पाहिलं. ग्लेनिस भिंतीकडे पाहत होती.

"पाडा," ती म्हणाली.

मग रंग आले. कॉननं पांढऱ्या रंगाच्या एकेचाळीस पट्ट्या आणून टेबलावर पसरल्या, आणि त्या एकेचाळीसही वेगळ्या आहेत असं त्याचं म्हणणं होतं. एकाचं नाव 'शंखातली सकाळ', दुसऱ्याचं 'सांडलेलं दूध', तिसऱ्याचं नुसतंच 'शांती'. ग्लेनिस एकेक पट्टी उजेडात धरून बघायची आणि लिंडसेला विचारायची, आणि तो प्रत्येक वेळी म्हणायचा, पांढरा आहे. नकाशाच्या कामात पांढरा एकच होता. पांढरा म्हणजे जिथं मोजायला कुणी गेलंच नाही ती जागा. "तुला घराचं काहीच वाटत नाही," ग्लेनिस म्हणाली, आणि 'शांती' पसंत केली. त्या पसंतीवरून तिचं आणि कॉनचं कडाक्याचं भांडण झालं. दुसरं भांडण झालं ते लिंडसेच्या खुर्चीवरून. सगळं सामान जाणार होतं, सोफा, शोकेस, ताशी एकदा कोकलणारं घड्याळ. कॉनला वाटलं, खुर्चीही जाणार. फाटक्या हातांची ती मातकट खुर्ची ठेवली तर नव्या घराच्या तोंडावर शिंक आल्यासारखं दिसेल, असं तो म्हणाला.

"खुर्ची राहील," ग्लेनिस म्हणाली. "आणि आहे तिथंच राहील. एक इंच हलवायची नाही."

चाळीस वर्षांच्या संसाराचं चीज झालं असं लिंडसेला वाटलं. त्या संध्याकाळी त्यानं न सांगता कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवला.

काम सहा आठवड्यांचं होतं, ते अकरा आठवडे चाललं. तेवढे दिवस दोघं घरासमोरच्या वाटेवर उभ्या केलेल्या आपल्या कॅरॅव्हॅनमध्ये, मोटारीमागं ओढायच्या चाकांवरच्या घरात, राहिली. शेजारी कुत्री फिरवायला निघाले की हात हलवायचे आणि विचारायचे, "मग, कुठवर पोहोचलात?" लिंडसे पहिल्या आठवड्यात हसला, दुसऱ्या आठवड्यात 'पर्थ' म्हणाला, आणि नंतर पडदा ओढून घेऊ लागला. कॅरॅव्हॅनच्या पायऱ्या तीनच होत्या, पण उंच होत्या. ग्लेनिस त्या उलटी उतरायची, दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून, पाठ बाहेर करून. "जहाजावरचे लोक असंच उतरतात," ती म्हणाली. लिंडसेनं मान डोलावली. जहाजावरच्या लोकांबद्दल त्याला काही माहिती नव्हती, आणि ग्लेनिसचा जन्म पोर्ट पिरीचा, बंदरावरचा. तिला माहीत असणार.

मधली भिंत एका गुरुवारी चाळीस मिनिटांत पडली. लिंडसे बघायला गेला नाही. त्यानं वाटेवर उभं राहून आवाज ऐकले. पहिल्या घणाचा आवाज पोकळ आला, कुणी रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा, आणि लिंडसेच्या मनात आलं, एवढंच होतं होय आत? धूळ बसल्यावर तो दारात जाऊन उभा राहिला. कमान गेली होती. खिडकीही गेली होती. खिडकी पाडता येते हे त्याला विचित्रच वाटलं. ती मुळात भोकच होती की. ग्लेनिस तोंडाला रुमाल लावून, त्याच्या झाकून ठेवलेल्या खुर्चीच्या हाताला टेकून उभी होती आणि समोर बघत होती.

"इथून चुलीपर्यंत सगळं दिसेल ना, कॉन?"

"सगळं! मधे माशी लपायची नाही," कॉन म्हणाला.

डिसेंबरात ती दोघं घरात परत आली, आणि लिंडसे हरवला. नव्या स्वयंपाकघरात कुठल्याही कपाटाला मूठ नव्हती. दाबलं की उघडायचं, दाबलं की मिटायचं, तेही आवाज न करता, सासरी पाहुण्यांसमोर वावरणाऱ्या नव्या सुनेसारखं. फ्रिजही कपाटाच्या वेषात होता. पहिल्या सकाळी तो दुधासाठी हिंडला. एक कपाट दाबलं तर पातेली बाहेर आली, दुसरं दाबलं तर कचऱ्याचा डबा नम्रपणे पुढे सरकला, तिसरं दाबलं तर ती भिंत निघाली. उभ्या दक्षिण ऑस्ट्रेलियाचे नकाशे काढणारा माणूस, आणि त्यानं तो चहा बिनदुधाचा प्यायला. मधोमध दगडाचा एक लांबलचक ओटा होता, चारी बाजूंनी मोकळा, बेटासारखा, 'शांती' रंगाचा, कडा गोल घासलेल्या. त्याच्यावर हात ठेवला तर हात घसरायचा. मुलगी नरेल हिनं डार्विनहून फोनच्या पडद्यावर सगळं घर बघितलं आणि "आई, अगदी मासिकातल्यासारखं!" असं म्हणून ती रडली. लिंडसेही 'छान आहे' म्हणाला. छान होतंच. पण खुर्चीत बसलं की त्याला कानात दडे बसल्यासारखं वाटायचं. खण आपटायचे नाहीत, झाकणं वाजायची नाहीत, किटलीच्या जागी एक नळ होता जो आपोआप उकळतं पाणी सोडायचा. ग्लेनिसचा नकाशा कोरा झाला होता.

त्या बदल्यात ग्लेनिस दिसायला लागली होती. पूर्ण. तिला पाय होते. ही काही नवी बातमी नव्हती; उलट, त्यानं तिला पहिल्यांदा पाहिली ती पायांवरूनच. १९६७ साली खात्याच्या कामासाठी तो पोर्ट पिरीला गेला होता, आणि तिथल्या जत्रेच्या मैदानात मुलींचं कवायतीचं पथक चाललं होतं. पांढरे बूट, निळे झगे, डोक्यावर पिसांच्या टोप्या. बारा मुली एका दोरीत ओवल्यासारख्या वळत होत्या आणि मधली एक अशी चालत होती, की तिच्या गुडघ्याचा कोन लिंडसेच्या कोनमापकातही बसला नसता. तो ऊन डोक्यावर घेऊन दोन तास उभा राहिला. आपण एका मुलीच्या चालीवर भाळलो हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, तिलाही नाही. लग्नाच्या वेळी तिनं विचारलं तेव्हा तो 'स्वभाव' म्हणाला होता. मग घर झालं, भिंत आली, खिडकी आली, आणि हळूहळू ग्लेनिस कमरेपासून वर राहू लागली. आता पाय परत आले होते, आणि ते त्याच्या ओळखीचे नव्हते.

ती चुलीपासून फ्रिजकडे निघाली की आधी ओट्यावर तळवा टेकायची. मग एक पाऊल. मग जरा थांबायची, काही आठवल्यासारखं करून. मग डावा पाय मागून यायचा, बोलावल्यामुळे नाइलाजानं येणाऱ्या पाहुण्यासारखा. लिंडसेनं स्वतःला सांगितलं, फरशी नवी आहे. नव्या फरशीवर माणूस जपूनच चालतं. आठवड्यानंतर सांगितलं, चपला नव्या आहेत. तिच्या चपला सहा वर्षांच्या होत्या.

आणि दिसणं एकतर्फी नव्हतं.

"तू पेपर वाचत नाहीस," एका सकाळी ग्लेनिस ओट्यापलीकडून म्हणाली.

"वाचतोय की."

"अर्धा तास झाला, पान उलटलेलं नाहीस."

"लेख मोठा आहे."

"तो क्रिकेटच्या धावांचा तक्ता आहे, लिंडसे. मला इथून दिसतोय."

तेव्हापासून तो दर तीन मिनिटांनी पान उलटू लागला, कागद चांगला वाजवून. पण उलटता उलटता त्याच्या लक्षात आलं, की पेपर वर असला, चेहरा झाकला गेला, की ग्लेनिस निघते. पेपर खाली आला की ती जिथं असेल तिथं उभी राहते आणि ओटा पुसू लागते. ओटा त्या दिवसांत फारच स्वच्छ असायचा. मग तो पेपर उंच धरू लागला, आणि जास्त वेळ. तिला फ्रिजपर्यंत जाऊन यायला किती वेळ लागतो याचा अंदाज घेऊन तो पान खाली करायचा, आणि अंदाज थोडा थोडा वाढवत न्यावा लागत होता. हात भरून यायचे. विचारायला पाहिजे होतं. रोज सकाळी तो ठरवायचा, आज विचारू. पण विचारलं तर ती उत्तर देणार, आणि एकदा उत्तर आलं की ते घरात राहणार, आणि ह्या घरात आता काही ठेवायला आडोसाच नव्हता. कॉननं पाडलेली भिंत अशी लिंडसेनं रोज सकाळी आठ ते अकरा पुन्हा बांधायला घेतली, वर्तमानपत्राची, दोन्ही हातांनी तोलून.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी, अकराच्या सुमाराला, पेपर वर असताना एक आवाज आला. तो आवाज लिंडसेच्या नकाशात नव्हता. आपटण्याचा नव्हता, काहीतरी मऊ आणि लांब, ओल्या दगडावरून पोतं घसरावं तसा. नवं एखादं कपाट असेल, त्याला वाटलं. त्यानं हवामानाची ओळ वाचली. एकेचाळीस अंश, वारा उत्तरेचा. ती ओळ त्यानं दुसऱ्यांदा वाचली, आणि आपण ती का वाचतोय हे त्याला पक्कं माहीत होतं.

"लिंडसे," ग्लेनिसचा आवाज आला. शांत, पण खालून. "पेपर खाली कर."

खोलीत कोणी नव्हतं. तो उठून ओट्याला वळसा घालून गेला. ग्लेनिस फरशीवर बसली होती, कपाटाला पाठ लावून, पाय समोर पसरून, एक चप्पल दूर.

"काय झालं?"

"काही नाही. फरशीचे सांधे बघतेय. कॉननं छान बसवलेत."

"फार जवळून बघतेयस."

"बारीकच आहेत तितके."

तो वाकला, तिच्या काखेत हात घातले आणि ओढलं. ग्लेनिस हलली नाही. त्याचीच पाठ कुठंतरी कट्‌ करून वाजली. मग वरून जमत नाही तर खालून जमेल, असा हिशेब करून तो गुडघ्यांवर आला, आणि गुडघ्यांवरून, काही इलाज न उरल्यामुळे, तिच्या शेजारी बसला. फरशी गार होती. बाहेर एकेचाळीस अंश तापत असताना ते बरंच वाटलं. इतक्या जवळ दोघं कितीतरी दिवसांत बसली नव्हती.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"आत्ताच बसले."

"पाय, ग्लेनिस."

"पाय नाही. खुबा. डावा. अडीच वर्षं. डॉक्टर म्हणतो, काढा आणि नवा बसवा."

"डॉक्टरकडे कधी गेलीस?"

"तू लॉन कापत होतास तेव्हा. घर नवं, ओटा नवा, संडासाचं झाकणसुद्धा नवं, मऊ मिटणारं. तेवढा माझा खुबा १९५०चा. हसू नकोस. एकदा कापलं की मग मी म्हातारी झाले, असं वाटायचं."

तो हसत नव्हता. "तू बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस. आणि विचारणार तरी कसा? तुला दिसत काय होतं? इथून वर." तिनं छातीशी आडवा हात धरला. "गेल्या जूनमध्ये पडले होते मी. जुन्या चुलीपाशी. वीस मिनिटं पडून होते. तू अलीकडे फुटबॉल ऐकत होतास. मी हाका मारल्या. मग तू एवढ्यांदा ओरडलास, मला वाटलं, चला, ऐकू गेलं. तर गोल झाला होता."

लिंडसेला तो गोल आठवला. शेवटच्या दीड मिनिटातला, पन्नास मीटरवरून मारलेला. तो गोल गेले आठ महिने त्याचा फार आवडता होता.

"मग खणाच्या मुठी धरधरून उठले. तू खिडकीतून विचारलंस, चहाला एवढा वेळ?"

"मला सांगायचंस, ग्लेनिस. सरळ तोंडानं."

"सांगण्यापेक्षा भिंत पाडणं सोपं होतं," ग्लेनिस म्हणाली. "म्हटलं, निदान पडलेली दिसेन तरी. ते पत्र आलं, बरं निमित्त झालं. मी सगळं घर उलटंपालटं केलं, तुझी खुर्ची नेमकी समोर ठेवली. आणि तू काय केलंस? पेपर धरलास."

"तुला चालता यावं म्हणून धरला," लिंडसे म्हणाला, आणि बोलून चुकल्यावर त्याला कळलं, की आपण काय बोललो.

ग्लेनिसनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. चौकट नव्हती, चेहरा फार जवळ होता, आणि त्यावर त्याला न सापडलेल्या कितीतरी रेषा होत्या. "म्हणजे तुला माहीत होतं."

लिंडसे समोरच्या फरशीचे सांधे बघू लागला.

"कधीपासून?"

"ख्रिसमसपासून."

"सात आठवडे!" तिनं दूर पडलेल्या चपलेकडे हात नेला, पण ती पोहोचेना. "गाढवा. दे ती चप्पल."

त्यानं सरपटत जाऊन चप्पल आणून दिली. तिनं ती त्याच्या दंडावर एकदा मारली, फार जोरात नाही, आणि मग ती दोघंही हसत सुटली. ग्लेनिसला हसताना खुब्यात कळ येत होती आणि त्यामुळे ती शिव्या देत हसत होती. हसू ओसरल्यावर उठण्याचा प्रश्न पुन्हा समोर आला. लिंडसेनं धरायला काहीतरी शोधलं. सगळं गुळगुळीत होतं. ओट्याच्या कडेला बोटं टिकेनात. त्यानं कपाटाला टेकून जोर केला, तर जोरामुळे खण उघडला आणि पातेल्यांसकट त्याला हळुवारपणे मागं लोटून बाहेर आला. तोच खण धरून त्यानं उठू पाहिलं, तर खण अदबीनं आत गेला आणि लिंडसेही त्याच्याबरोबर गेला. तिसऱ्या खेपेला त्यानं नाद सोडला.

"कॉन येणार होता ना आज? नळाचं बघायला?" तो म्हणाला.

"अकरा ते बारा म्हणालाय."

"म्हणजे दोनला."

पण त्या दिवशी कॉन बाराच्या आत आला. शीळ घालत मागच्या दारानं आत शिरला आणि रिकाम्या खोलीत थांबला. "कुणी आहे का घरात?"

"इकडे," दोन आवाज एकदम आले.

ओट्यावरून आधी गॉगल दिसला, मग कॉन. त्यानं खाली वाकून दोघांना नीट पाहून घेतलं. "हे काय, सहल काढलीय काय?"

"कॉन," ग्लेनिस म्हणाली, "ह्या घरात धरायला काहीही नाही."

"तुम्हीच म्हणालात की ग्लेनिस, पृष्ठभागाच्या बाहेर काही आलेलं नको. शब्दन्‌शब्द आठवतोय मला."

"तेव्हा मी उभी होते."

कॉननं गॉगल काढून ओट्यावर ठेवला, ग्लेनिसला कमरेला विळखा घालून एका दमात उभी केली, मग लिंडसेला हात दिला. लिंडसेच्या गुडघ्यांनी जो आवाज केला, तो नव्या घरात झालेला पहिला मोठा आवाज होता. कॉन ओट्याच्या कडेवरून बोट फिरवत, मुठींसाठी कुठं भोकं पाडता येतील हे बघू लागला. दगडाला भोकं पाडायची म्हणजे पाप आहे, असं पुटपुटत.

"फोन कुठाय?" ग्लेनिसनं विचारलं. तो पार दुसऱ्या टोकाला, पुढच्या खिडकीपाशी चार्जरला लावलेला होता. लिंडसे आणायला वळला.

"तू नाही. मी जाते. डॉक्टरला मीच सांगणार." कॉननं पुढे केलेला दंडही तिनं बाजूला सारला. "तू बस तिकडे. आणि बघ."

लिंडसे खुर्चीत बसला. पेपर खाली पडला होता, तो त्यानं उचलला नाही. ग्लेनिसनं ओट्यावरचा हात काढला आणि निघाली. ह्या वेळी ती काही आठवल्यासारखं करायला थांबली नाही. थांबावं लागलं तेव्हा नुसती थांबली. पाऊल टाकलं की सगळं अंग डावीकडे झुकायचं आणि मग एका झटक्यानं सरळ व्हायचं, दात आवळून. लिंडसे बघत राहिला. बघणं सोपं नव्हतं. त्याचे हात मांडीवर होते आणि त्यांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

कॉन त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यालाही गप्प राहवेना.

"काही म्हण लिंड्स," तो हळूच म्हणाला, "खोली केवढी मोठी झालीय."

"हो," लिंडसे म्हणाला. ग्लेनिस अजून अर्ध्यावरच पोहोचली होती.